गच्चीवरून दिसणारे उंच ढग आणि दुपारची वादळे : धोका नेमका केव्हा ओळखावा?

मनीषनगरकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नागपुरात मनीषनगर भागात चौथ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या डोक्यावर थेट इमारतीची गच्ची आहे. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांपैकी, तिसऱ्या दिवशी घडलेल्या एका प्रसंगामुळे मला काही प्रश्न पडले आहेत. हवामानाची जाण असलेल्यांनी सविस्तर उत्तर द्यावे, ही विनंती.

त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मी कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेले, तेव्हा आभाळ निळे होते. पण त्यात विंचरलेल्या केसांसारख्या पांढऱ्या रेषा पसरल्या होत्या. नऊपर्यंत त्या रेषांची दुधावर धरावी तशी पातळ साय झाली आणि सूर्याभोवती मोठे खळे दिसू लागले. माझा मुलगा नववीत आहे. त्याला ढगांचे फोटो काढून वहीत नोंदी ठेवण्याचा नाद आहे, म्हणून त्याने 'सिरस, नंतर सिरोस्ट्रेटस, खळे' असे लिहूनही ठेवले. दुपारचे ऊन नेहमीसारखेच भाजून काढणारे होते. चार वाजता विमानतळाच्या बाजूला एक प्रचंड ढग उभा राहिलेला दिसला. त्याचा माथा सपाट होऊन आमच्या दिशेने पुढे आला होता; परंतु आमच्यावर पावसाचे चिन्ह नव्हते, म्हणून मी निवांत होते. साडेचारला एकाएकी गार वारा सुटला, ओल्या मातीचा वास आला आणि शेजारच्या गच्चीवरचा टिनाचा पत्रा उडून आमच्या पाण्याच्या टाकीवर आदळला. कुरडयांच्या चादरीचे एक टोक माझ्या हातात, दुसरे मुलाच्या हातात, आणि त्याच क्षणी वीज चमकली. मी आकडे मोजले. चार म्हणेपर्यंत कडाडले. पावसाचा पहिला थेंब पडला तो त्यानंतर दहा मिनिटांनी.

पहिला प्रश्न असा की, सकाळचे ते पांढरे ढग आणि खळे ही दुपारच्या वादळाची सूचना होती का? असेल, तर अशा दिवशी वाळवण घालूच नये का? दुसरा प्रश्न, उंचावरचा कोणता पांढरा ढग निरुपद्रवी आणि कोणता वादळाचा, हे साध्या माणसाने कसे ओळखावे? तिसरा प्रश्न गच्ची केव्हा सोडावी हा आहे, कारण पाऊस आला की खाली यायचे एवढाच नियम मी आजवर पाळत आले.

सासूबाईंचे म्हणणे मात्र वेगळेच आहे. मुलगा पायाळू जन्मला असल्यामुळे वीज त्याच्याकडे ओढली जाते, असे त्यांना मनापासून वाटते आणि आभाळ गडगडू लागले की त्या विळा बाहेर अंगणात टाकायला निघतात. त्यांना दुखावण्याची इच्छा नाही, पण मुलाला काय सांगावे हेही कळत नाही.

निवृत्त निरीक्षक (उत्तर)

ताई, मी हवामान निरीक्षक म्हणून पुष्कळ वर्षे दर तीन तासांनी बाहेर येऊन, आभाळाचे आठ भाग मनात कल्पून, त्यातले किती भाग कोणत्या ढगाने व्यापले आहेत याच्या नोंदी केल्या आहेत. त्यामुळे तुमच्या चिरंजीवांच्या वहीबद्दल वाचून फार बरे वाटले. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत निकडीचे आहे. गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी गच्ची सोडावी. आवाज साधारणपणे १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीजही पावसाच्या पट्ट्यापासून तेवढ्या अंतरावर, कोरड्या जमिनीवर पडू शकते. म्हणजे जी वीज तुम्हाला ऐकू येते तिच्या टप्प्यात तुम्ही आधीच आलेले असता. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. तुम्ही चारपर्यंत मोजले, याचा अर्थ ती वीज तुमच्यापासून सव्वा ते दीड किलोमीटरवर पडली. पुढची तुमच्या टाकीवर पडायला तिला कोणतीही अडचण नव्हती. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे उलटेपर्यंत परत वर जाऊ नये. कुरडया भिजल्या तर भिजू द्याव्यात.

आता ढगांकडे वळू. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावे दिली आणि त्याच चौकटीवर आजचे दहा मुख्य प्रकार उभे आहेत. त्यांपैकी तीन उंचावरचे: सिरस म्हणजे तंतुमेघ, सिरोक्युम्युलस म्हणजे तंतुराशिमेघ आणि सिरोस्ट्रेटस म्हणजे तंतुस्तरमेघ. उष्ण कटिबंधात हे साधारण ६ ते १८ किलोमीटर उंचीवर असतात आणि ते बर्फाच्या बारीक स्फटिकांचे बनलेले असतात. खाली नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना डोक्यावर दहा-बारा किलोमीटरवर शून्याखाली ४० अंशांचे तापमान असते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. सिरसचे जे विंचरलेले केस तुम्हाला दिसले, ते खरे तर खाली पडणाऱ्या स्फटिकांचे माग असतात. वरच्या आणि खालच्या थरातील वाऱ्याचा वेग वेगळा असल्यामुळे ते तिरपे ओढले जातात. जमिनीपर्यंत त्यांतले काहीही पोचत नाही.

सिरोस्ट्रेटसची ओळख म्हणजे खळे. षट्कोनी स्फटिकांतून प्रकाश वळतो आणि सूर्यापासून २२ अंशांवर कडे दिसते. हात पूर्ण लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढे अंतर होते, जवळजवळ तेवढे. सूर्याकडे थेट पाहू नये. इमारतीच्या कोपऱ्याआड सूर्यबिंब लपवून मगच कडे पाहावे. चंद्राला अगदी चिकटून जे लहान, किंचित रंगीत वलय दिसते ते वेगळे. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडते आणि बहुधा मधल्या उंचीवरच्या ढगांत दिसते. तिसरा प्रकार सिरोक्युम्युलस, म्हणजे रव्यासारखा दाणेदार ढग. मुलांची नेहमी त्यात आणि मधल्या थरातील आल्टोक्युम्युलसमध्ये गल्लत होते. हात लांब करून करंगळी आडवी धरावी: एकेक दाणा करंगळीमागे लपला तर सिरोक्युम्युलस, आणि झाकायला दोन-तीन बोटे लागली तर आल्टोक्युम्युलस.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, पण त्याला एक पुरवणी आहे. मे महिन्यात सकाळी दिसणारे सिरस बहुतेक वेळा कुठल्या तरी दूरच्या, आदल्या संध्याकाळच्या वादळाचे अवशेष असतात. त्या दिवसांत वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून वाहतात आणि खानदेशावर किंवा मध्य प्रदेशात फुटलेल्या ढगांचा बर्फ रातोरात इकडे वाहून आणतात. त्यातून एवढेच समजते की वरच्या हवेत ओलावा आहे. दुपारचे वादळ मात्र तळातून शिजते. बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा, तापलेली जमीन आणि त्यांना वर ढकलणारे काहीतरी निमित्त, असे तिन्ही जुळून यावे लागते. सकाळची दाट साय दुपारपर्यंत टिकली, तर जमीन कमी तापून वादळ लांबण्याचीही शक्यता असते. तेव्हा खळे पाहून वाळवण रद्द करू नका.

सकाळी पाहायचेच असेल, तर एक वेगळी गोष्ट पाहावी. मधल्या उंचीवर, एका सरळ तळावर ओळीने उभ्या राहिलेल्या लहान लहान बुरुजांसारखे ढग सकाळी आठ-नऊला दिसले आणि कोरड्या नवतप्यातही अंग चिकचिकू लागले, तर मधल्या थरातली हवा अस्थिर आहे असे समजावे. त्या ढगांचे नाव आल्टोक्युम्युलस कॅस्टेलेनस. माझ्या नोकरीत सकाळच्या नोंदीत हे नाव लिहिले की मी संध्याकाळी सायकल झाडाखाली लावत नसे.

चार वाजता तुम्ही पाहिलेला ढग म्हणजे क्युम्युलोनिम्बस, आपल्या भाषेत गर्जन्मेघ. तो कोबीच्या गड्ड्यासारखा उकळत वर जातो आणि आपल्याकडे सुमारे १६-१७ किलोमीटरवर हवेचे जणू छतच लागते, तिथे अडून आडवा पसरतो. त्या पसरलेल्या माथ्याला लोहाराच्या ऐरणीचा आकार येतो, म्हणून त्याला ऐरण म्हणतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची खरी गोम इथे आहे. ऐरणही बर्फाचीच असते, तीही पांढरी आणि तंतुमय दिसते, आणि वादळ विरल्यावर तीच सुटून साधा सिरस होते. नुसते रूप पाहून फसायला होते, म्हणून पांढऱ्या ढगाचे मूळ शोधावे. धागे सुटे, विरळ, त्यांतून निळे आभाळ दिसते आणि एकीकडे कुठेही त्यांचा गड्डा नाही, तर तो शांत सिरस. पांढरा पत्रा एका बाजूला दाट होत गेला आहे, त्याची कड पुढे सरकते आहे, त्याच्या मुळाशी काळपट बुंधा आहे आणि ऊन हळूहळू दुधी होते आहे, तर तुम्ही गर्जन्मेघाच्या छपराखाली उभ्या आहात. कधी त्या छपराच्या खालच्या बाजूला पिशव्या लोंबल्यासारखे फुगे दिसतात. दृश्य सुंदर असते, पण ते गच्चीवरून पाहण्याचे नव्हे.

चिरंजीवांना सांगा की वहीत 'ढगाचे नाव' या रकान्याशेजारी 'कुठून आला' असा आणखी एक रकाना आखावा.

काटोलचा बागायतदार (उत्तर)

निरीक्षक साहेबांनी लिहिले ते योग्यच आहे. मी शेताच्या बाजूने थोडी भर घालतो. आमची संत्र्याची बाग काटोलपासून थोड्या अंतरावर आहे. तुमच्याकडे येणारी उन्हाळ्यातील बरीचशी वादळे आधी आमच्यावरून जातात. आमच्याकडून निघालेले वादळ सव्वा-दीड तासात नागपुरात पोचते, असा माझा अनुभव आहे.

शहरात चार पावलांवर जिना असतो. आमच्याकडे मजुरांना पक्क्या घरापर्यंत जायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून गडगडाटाची वाट पाहणे आम्हाला परवडत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप मी वापरतो. आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत कुठे वीज पडते आहे ते त्यात दिसते. ४० च्या वर्तुळात ठिपके दिसू लागले आणि ते आमच्याकडे सरकताहेत असे वाटले, की काम बंद करून सगळ्यांना घराकडे काढतो. हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा इशाराही मोबाइलवर येतो. त्यात 'विजांच्या कडकडाटासह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे' अशी भाषा असते; ती रोजची झाली म्हणून दुर्लक्ष करू नये.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वावरात आंब्याच्या झाडाखाली बांधलेली बैलजोडी जागेवर गेली. झाडाची साल वरपासून खालपर्यंत उभी सोलून निघाली होती, पण बैलांच्या अंगावर जखम म्हणून नव्हती. जोडीपासून वीस-पंचवीस पावलांवर बैठ्या घराच्या आत उभा असलेला गडी मात्र सुखरूप राहिला. त्या दिवसापासून गडगडू लागले की जनावरे सोडून मोकळ्यावर, झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब हाकलायची, असे आम्ही ठरवले आहे, तेही वादळ लांब असतानाच. वीज अंगावर येऊ लागल्यावर जनावरांसाठी बाहेर जायचे नाही.

आमचे वडील म्हणत की आभाळाला हिरवी झाक आली म्हणजे गारपीट नक्की. मलाही दोनदा तसे दिसले आहे.

मनीषनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. आणखी काही शंका विचारते. आमच्याकडे खिडकीत लोखंडी स्टँडवर टिनाचा कूलर बसवलेला आहे आणि वादळाच्या वेळी तो चालूच असतो. घरात आल्यावर तो बंद करायचा की तसाच राहू द्यायचा? नळ, मोबाइल, चारचाकी यांविषयीही उलटसुलट ऐकले आहे. शिवाय, ढग किती लांब आहे हे गडगडाट होण्याच्या आधीच ओळखता येईल का? निरीक्षक काका, मुलाने हा प्रश्न मुद्दाम तुमच्यासाठी विचारायला सांगितला आहे.

तातडीच्या विभागातील डॉक्टर (उत्तर)

ताई, पक्क्या घरात तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित असता, कारण वीज इमारतीवर पडली तरी वायरिंग, नळाचे पाइप आणि भिंतीतील सळ्या यांतून ती जमिनीत उतरते. त्याच कारणाने वादळ चालू असताना त्या वाटांना हात लावू नये. कूलरच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. बाहेर लटकणारा टिनाचा डबा, आत पाणी, त्यात बुडालेला पंप आणि वायर थेट घरात! वादळ येण्याआधी त्याचा प्लग काढून ठेवावा. वीज कडाडत असताना तो काढायला जाऊ नये, तेव्हा तो आहे तसाच सोडावा. तेच नळाखाली भांडी घासण्याचे आणि आंघोळीचे. मोबाइल वीज ओढत नाही, पण चार्जरला जोडलेला मोबाइल कानाला लावू नये. काचा वर केलेली पत्र्याच्या टपाची मोटार सुरक्षित असते, कारण वीज धातूच्या बाहेरच्या अंगाने जमिनीत जाते. टायर रबराचे असल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुचाकीला तो आडोसा नसतो. पाऊस चुकवण्यासाठी लोक टिनाच्या उघड्या शेडखाली किंवा झाडाखाली दुचाकी लावून उभे राहतात. विजेच्या दृष्टीने दोन्ही जागा वाईट.

वर बैलजोडीचा उल्लेख आला आहे, त्यामागचे कारण सांगते. थेट अंगावर वीज पडणारी माणसे फार थोडी असतात. बहुतेकांना इजा होते ती झाडावरून उडी घेणाऱ्या किंवा जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने. जमिनीत प्रवाह पसरताना दोन पायांच्या ठिकाणी विद्युत दाब वेगवेगळा असतो आणि पाय जितके फाकलेले तितका प्रवाह अंगातून जास्त जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत मोठे अंतर असते आणि हृदय त्या वाटेवरच येते. उघड्यावर अडकलेल्या माणसाने आडवे न पडता, पाय जुळवून उकिडवे बसावे असे सांगितले जाते ते याचसाठी. परंतु हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि त्याला सुरक्षित जागा म्हणता येत नाही. पक्के घर किंवा मोटार गाठता येत असेल, तर तिकडेच जावे.

आपल्या देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांतली काही केवळ जवळच्यांनी हात न लावल्यामुळे गेलेली असतात, असे मला माझ्या कामातून वाटते. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच स्पर्श करता येतो आणि करावाच, फक्त ती जागा धोक्याची असेल तर आधी त्याला आडोशाला न्यावे. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. विजेच्या धक्क्यानंतर हृदय पुष्कळदा स्वतःहून पुन्हा सुरू होते, पण श्वास मात्र थांबलेलाच राहतो, म्हणून ज्याला येत असेल त्याने तोंडाने श्वासही द्यावा. अनेकांना एकाच वेळी इजा झाली असेल, तर इतर अपघातांच्या उलट, निपचित पडलेल्याकडे आधी धावावे. जो ओरडतो आहे तो बहुधा वाचणार असतो. शुद्धीवर असलेल्यालाही रुग्णालयात न्यावे, कारण कानाचा पडदा फाटणे किंवा हृदयाचे ठोके बिघडणे वरून दिसत नाही. काहींच्या त्वचेवर फांद्यांसारखी लाल नक्षी उमटते. ती पाहून नातेवाईक फार घाबरतात, परंतु ती सहसा दिवसभरात आपोआप मावळते.

पायाळू मुलांविषयी: पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात शंभरातील तीन-चार बाळे पायाकडून असतात. एकट्या नागपुरात अशी माणसे हजारोंनी असतील आणि विजेला त्यांची जन्मकथा कळण्याचा काही मार्ग नाही. तुमच्या सासूबाईंना मात्र याच्या आधारे खोटे पाडू नका. मुलाला गडगडाटात घरात ठेवण्याचा त्यांचा आग्रह अगदी बरोबर आहे, त्यामागचे कारण तेवढे चुकीचे. विळ्याचे तेवढे थांबवा. कित्येक किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या विजेला जमिनीवर पडलेल्या विळ्याचे सोयरसुतक नसते, पण तो टाकण्यासाठी ऐन कडकडाटात आजी अंगणात उभ्या राहतात, ते धोक्याचे आहे.

निवृत्त निरीक्षक

डॉक्टर ताईंनी माझे बरेच काम हलके केले. अंतराच्या प्रश्नाचे उत्तर मुठीने देता येते. हात पूर्ण लांब करून मूठ उभी धरली, तर ती डोळ्यापाशी साधारण १० अंशांचा कोन व्यापते. क्षितिजावर एकावर एक मुठी ठेवत ढगाच्या माथ्यापर्यंत जावे. माथा १५ किलोमीटर उंच आहे असे धरले, तर एका मुठीएवढा ढग सुमारे ८५ किलोमीटरवर असतो, दोन मुठींचा ४० च्या आसपास आणि तीन मुठींचा २५ वर. काटोलवर उभा असलेला गर्जन्मेघ तुमच्या गच्चीवरून दीड मुठीच्या आत दिसेल. अमरावतीवरचा असेल, तर जेमतेम अर्धी मूठ. इमारतींमुळे क्षितिज झाकले जाते, म्हणून पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढण्याचा मोह मुलाला होईल, तो आवरावा. माझा सल्ला असा की, बुंधा असलेला ढग दोन मुठींच्या वर गेला की गच्चीवरचे आवरायला घ्यावे आणि गडगडाटाआधी खाली यावे. ऐरण डोक्यावर आल्यावर हा हिशेब चालत नाही, कारण तेव्हा माथा दिसतच नाही.

त्या गार वाऱ्याबद्दल लिहायचे राहिले. आपल्याकडे मे महिन्यात ढगाचा तळ उंच असतो आणि त्याखालची हवा अत्यंत कोरडी असते. ढगातून सुटलेला पाऊस वाटेतच आटतो, आटताना हवा थंड होते, थंड हवा जड होऊन धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पत्रे, फलक आणि वाळलेल्या फांद्या पाडणारा वारा तो हाच, आणि म्हणूनच तो पावसाच्या आधी पोचतो. मातीचा वासही तोच घेऊन येतो: दूर कुठेतरी पाऊस जमिनीला लागला, तिथला वास तुमच्यापर्यंत आला. त्या वासाने माणसे गच्चीवर जातात, ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि मलाही ती होती.

बागायतदार भाऊंच्या दोन गोष्टींवर थोडे बोलतो. एकटा गर्जन्मेघ साधारण तासाभरात उतरणीला लागतो. काटोलवरचा तोच ढग नागपुरात येतो असे बहुधा होत नाही. त्याच्या थंड वाऱ्याने पुढची दमट हवा उचलली जाऊन नवनवे ढग उभे राहतात आणि ती रांग पुढे सरकते. परिणाम तुम्ही म्हणता तोच, पण वाटेत रांग तुटूही शकते, म्हणून दीड तासाचा हिशेब घड्याळासारखा धरू नये. हिरव्या झाकेचे म्हणाल, तर दाट, पाण्याने आणि बर्फाने भरलेल्या ढगातून तिरपे ऊन आले की तशी छटा दिसू शकते, परंतु गारा त्याशिवायही पडतात आणि हिरवे दिसूनही पडत नाहीत.

उपग्रहाचे चित्र पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. अवरक्त, म्हणजे उष्णतेवरून टिपलेल्या, चित्रात थंड वस्तू पांढरी दिसते आणि सिरसही थंड, ऐरणही थंड. त्यामुळे विदर्भावर पांढरे दिसले म्हणजे वादळ आले, असे होत नाही. नागपूरच्या डॉप्लर रडारचे चित्र शेजारी ठेवून पाहावे. रडारला पाण्याचे थेंब आणि गारा दिसतात, विरळ सिरस जवळजवळ दिसत नाही. दोन्हीकडे ठळक दिसते, तिथे खरा गर्जन्मेघ.

आणखी दोन-तीन आठवड्यांनी मोसमी पाऊस स्थिरावला की मुलाच्या वहीतली दिशा उलटलेली दिसेल. पावसाळ्यात चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहतो. आपल्या हवामान विभागातले पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा ऐरणी पश्चिमेकडे ओढल्या जातात आणि सिरसचे धागे उपसागराकडून येतात. नव्या रकान्यात 'पश्चिम' ऐवजी 'पूर्व' लिहायला लागण्याची तारीख त्याने जरूर टिपून ठेवावी.

मनीषनगरकर

काका, मुलाने रकाना त्याच संध्याकाळी आखला. काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी त्याने वायव्येला ढग मोजला तेव्हा तो एक मूठ आणि दोन बोटे होता. साडेतीनला दोन मुठी भरल्या. आम्ही दोघांनी मुगवड्यांची चादर चारही टोकांनी गुंडाळून खाली आणली, कूलरचा प्लग काढला आणि सासूबाईंना विळ्याऐवजी खिडक्या लावण्याचे काम दिले. पहिला गडगडाट पावणेचारला ऐकू आला. वादळ कामठीच्या बाजूने निघून गेले आणि आमच्याकडे नुसता वारा सुटला, तरी पुढचा अर्धा तास कोणी वर गेले नाही. मुगवड्या अजून थोड्या ओल्याच आहेत, म्हणून आज सकाळी पुन्हा घातल्या. आभाळात सिरस आहे, सुटा, बुंधा नसलेला.